एका ठिणगीनंतरचे २६२ दिवस : गॅलेक्सी १५ उपग्रहाचं प्रकरण

५ एप्रिल २०१०. जागतिक वेळेनुसार सकाळचे ९ वाजून ४८ मिनिटं. इंटेलसॅट कंपनीचा गॅलेक्सी १५ हा दळणवळण उपग्रह जमिनीवरून आलेल्या कमांडला उत्तर देईनासा झाला. विषुववृत्तावर १३३ अंश पश्चिम रेखांशाच्या वर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर तो होता आणि उत्तर अमेरिकेतल्या केबल कंपन्यांना दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोचवत होता. शिवाय विमानांना जीपीएसची अचूकता वाढवून देणाऱ्या अमेरिकेच्या 'वास' यंत्रणेचं एक प्रक्षेपकही त्याच्यावर बसवलेलं होतं.

उपग्रह बंद पडणं नवं नाही. बंद पडला की तो गप्प होतो, त्याचं काम दुसऱ्याकडे सोपवलं जातं आणि विम्याचे कागद हलू लागतात. इथे मात्र उपग्रह गप्प झालाच नाही. त्याची सौर पंखं सूर्याकडे होती, तोंड पृथ्वीकडे होतं, ट्रान्सपाँडर, म्हणजे संदेश झेलून परत खाली पाठवणारी उपकरणं, पूर्ण ताकदीने चालू होते. फक्त तो कुणाचं ऐकत नव्हता. पुढचे साडेआठ महिने तो असाच राहिला, जागा सोडून पूर्वेकडे सरकत राहिला आणि वाटेतल्या शेजारी उपग्रहांच्या चालकांची झोप उडवत गेला. वर्तमानपत्रांनी त्याला 'झोम्बी' म्हटलं. मला ते नाव आवडत नाही, कारण या उपग्रहात मेलेलं असं काहीच नव्हतं. हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे ते त्यामुळेच.

अंतराळयानावर भार का साठतो

भूस्थिर कक्षेत, म्हणजे ज्या उंचीवरचा उपग्रह पृथ्वीसोबत फिरत आकाशात एकाच जागी दिसतो तिथे, हवा नाही, पण ती जागा रिकामीही नाही. तिथे प्लाझ्मा आहे : सुटे इलेक्ट्रॉन आणि सुटे आयन. दोघांची ऊर्जा साधारण सारखी धरली, तरी इलेक्ट्रॉन हजारो पटींनी हलका असल्यामुळे कितीतरी जास्त वेगाने धावतो. म्हणून एखादा पृष्ठभाग प्लाझ्मात उघडा पडला की त्यावर इलेक्ट्रॉन जास्त आदळतात, आयन कमी. पृष्ठभाग ऋणभारित होत जातो. हे थांबतं कधी? पृष्ठभागाचं ऋण विभव, म्हणजे व्होल्टमध्ये मोजला जाणारा विद्युतदाब, इतकं वाढतं, की नवे इलेक्ट्रॉन मागे ढकलले जातात आणि येणं-जाणं बरोबरीत येतं, तेव्हा.

सूर्यप्रकाशात एक सोय असते. अतिनील किरण पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उडवून लावतात, त्यामुळे साठलेला भार वाहून जातो आणि विभव काही व्होल्टच्या आसपास राहतं. सावलीत ही सोय नाही. आणि पृथ्वीच्या रात्रीच्या बाजूने गरम, हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा लोंढा आला, तर सावलीतल्या यानाचं विभव उणे हजारो व्होल्टपर्यंत जातं. हे नुसतं गणित नाही. १९७० च्या दशकात एटीएस-५ आणि एटीएस-६ या उपग्रहांवरच्या उपकरणांनी पृथ्वीच्या सावलीत असे हजारो व्होल्ट प्रत्यक्ष मोजले. एटीएस-६ वरचा आकडा उणे १९,००० व्होल्टच्या घरात गेला होता. १९७३ मध्ये अमेरिकेच्या लष्कराचा डीएससीएस मालिकेतला एक दळणवळण उपग्रह गमावला गेला, त्याचा दोष याच कारणावर ठेवण्यात आला. १९७९ मध्ये तर फक्त हाच प्रश्न सोडवण्यासाठी स्काथा नावाचा उपग्रह सोडण्यात आला.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. अख्खं यान एकसारखं उणे दहा हजार व्होल्टवर गेलं, तरी यानाच्या आत कुणालाच काही कळत नाही, कारण फरक पडतो तो दोन जागांच्या विभवातल्या अंतराने. यानाची कातडी एकजिनसी नसते. कुठे उष्णतारोधक चादर, कुठे रंग, कुठे सौरघटांवरची काच, कुठे उघडा धातू. काही सावलीत, काही उन्हात. काच भार धरून ठेवते, धातू तो लगेच वाहून नेतो. मग एका बोटाच्या अंतरावर असलेल्या दोन तुकड्यांमध्ये शेकडो किंवा हजारो व्होल्टचा ताण उभा राहतो आणि एका क्षणी ठिणगी उडते. लोकरीचा स्वेटर काढताना जी तडतडते, तीच जात. फक्त इथे तिच्या शेजारून संगणकाच्या तारा गेलेल्या असतात.

दुसराही एक प्रकार आहे, आतल्या साठ्याचा. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जेचे इलेक्ट्रॉन यानाची भिंत पार करून केबलच्या आवरणात, सर्किट बोर्डाच्या थरात रुतून बसतात. रोज थोडे थोडे. ठिणगी उडते ती आतच, नाजूक भागाच्या अगदी कुशीत. जानेवारी १९९४ मध्ये कॅनडाच्या अनिक ई-१ आणि ई-२ या उपग्रहांची दिशा सांभाळणारी मोमेंटम व्हील यंत्रणा काही तासांच्या अंतराने कोलमडली, ती अशा साठ्यामुळे असं मानलं जातं.

त्या सकाळचं अवकाश हवामान

३ एप्रिलला सूर्यावर एक स्फोट झाला. क्ष-किरणांच्या मोजपट्टीवर तो बी-७ वर्गाचा होता, म्हणजे किरकोळ. सूर्य त्या काळात लांबलेल्या शांततेतून नुकताच डोकं वर काढत होता. नुसता स्फोटाचा वर्ग पाहून कुणी इशारा दिला नसता. पण त्याच्यासोबत पदार्थाचा जो ढग सुटला, तो पृथ्वीच्या दिशेने निघाला आणि दोन दिवसांच्या आत, ५ तारखेला जागतिक वेळेनुसार साडेआठच्या सुमाराला, सेकंदाला सातशे किलोमीटरहून अधिक वेगाच्या सौरवाऱ्यासह पृथ्वीच्या चुंबकीय कवचावर आदळला. उपग्रह चालवणाऱ्या माणसाने स्फोटाच्या वर्गापेक्षा ढगाची दिशा आणि वेग बघावा, हे मी या प्रकरणातून पहिलं शिकलो.

धडकेनंतर थोड्याच वेळात रात्रीच्या बाजूला एक जोरदार चुंबकीय उपवादळ सुटलं. चुंबकीय कवचाचं रात्रीच्या बाजूला ताणलेलं शेपूट झटक्याने मागे आलं आणि गरम इलेक्ट्रॉनांचा लोंढा पृथ्वीकडे फेकला गेला. असे इलेक्ट्रॉन मध्यरात्रीच्या आसपास भूस्थिर कक्षेत शिरतात आणि पूर्वेकडे, म्हणजे पहाटेच्या बाजूला वाहत जातात. म्हणूनच भाराशी निगडित बिघाड मध्यरात्र ते पहाट या पट्ट्यात जास्त सापडतात.

गॅलेक्सी १५ त्या वेळी कुठे होता, हे कागदावर मांडून बघा. १३३ अंश पश्चिम म्हणजे जागतिक वेळेच्या ८ तास ५२ मिनिटं मागे. ९:४८ मधून ते वजा केले की उपग्रहाची स्थानिक वेळ येते रात्रीची १२:५६. मध्यरात्र होऊन तासही झालेला नाही. त्यात हा एप्रिलचा पहिला आठवडा, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्या ग्रहणाचा हंगाम : विषुवदिनाच्या मागेपुढे सुमारे तीन आठवडे हे उपग्रह रोज मध्यरात्री पृथ्वीच्या सावलीतून जातात. गॅलेक्सी १५ त्या रात्रीच्या सावलीतून नुकताच बाहेर पडला होता. म्हणजे अंधार, लोंढा आणि मध्यरात्र, तिन्ही एकाच वेळी त्याच्या वाट्याला आले. त्यानंतर ऊन लागलं, की उन्हातली बाजू भार सोडू लागते आणि मागची सावलीतली बाजू तसाच धरून बसते. ठिणगीला लागणारा विभवातला फरक अशा वेळी तयार होतो.

साक्षीदारही जवळच होता. गोज-११ हा अमेरिकेचा हवामान उपग्रह तेव्हा १३५ अंश पश्चिमेला होता. भूस्थिर वर्तुळावर एक अंश म्हणजे साधारण ७३६ किलोमीटर, म्हणजे दोघांमध्ये जेमतेम दीड हजार किलोमीटरचं अंतर. अवकाशाच्या मानाने भिंतीला भिंत. गोजच्या चुंबकमापकाने आणि कणमापकांनी त्या तासाभराची उलथापालथ टिपली आहे. व्यापारी उपग्रहांवर अशी उपकरणं सहसा नसतात, त्यामुळे इतका जवळचा पुरावा क्वचितच हाती लागतो.

बिघाड पृष्ठभागावरच्या भाराने झाला की आतल्या साठ्याने, यावर अभ्यासकांनी दोन्ही बाजू तपासल्या आहेत. माझा कल पहिल्या बाजूला आहे. भिंत भेदून जाणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा पूर भूस्थिर कक्षेत सहसा वादळानंतर एक-दोन दिवसांनी चढतो. इथे धडक आणि बिघाड यांत दीड तासही गेला नाही.

एक आठवण म्हणून नोंदवतो : बिघाडानंतर ३३ मिनिटांनी फ्लोरिडातून डिस्कव्हरी हे स्पेस शटल सात अंतराळवीरांना घेऊन उडालं. शटलची कक्षा काहीशे किलोमीटर उंचीची. तिथलं वातावरण पूर्ण वेगळं, त्यांना या लोंढ्याची झळ पोचली नाही. तेच वादळ, पण उंचीनुसार त्याचा अर्थ बदलतो.

बहिरा, पण बोलका

पहिले काही दिवस नियंत्रण कक्षात जे होतं तेच झालं. कमांड पाठवा, वाट पाहा, पुन्हा पाठवा. पुढच्या महिन्यांत दीड ते दोन लाख कमांड पाठवल्या गेल्या. एकालाही उत्तर नाही. ग्राहकांचं काम राखीव ठेवलेल्या गॅलेक्सी १२ कडे वळवण्यात आलं, तो १३३ अंशांवर आणून ठेवला गेला. सेवेच्या दृष्टीने प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पण भूस्थिर उपग्रह एका जागी राहतो तो आपोआप नव्हे. पृथ्वीचं विषुववृत्त अचूक वर्तुळ नाही, त्यामुळे गुरुत्वाकर्षणाचे दोन खळगे तयार होतात, एक ७५ अंश पूर्वेजवळ आणि दुसरा १०५ अंश पश्चिमेजवळ. थ्रस्टरने अधूनमधून सावरलं नाही, तर उपग्रह जवळच्या खळग्याकडे घरंगळतो आणि झोपाळ्यासारखा पलीकडे जातो. गॅलेक्सी १५ चा खळगा १०५ चा. म्हणून तो पूर्वेकडे निघाला. टक्कर होण्याची भीती फार नव्हती, तिथे अंतरं मोठी आहेत. भीती होती रेडिओची.

दळणवळण उपग्रहाचा ट्रान्सपाँडर हा आरशासारखा असतो. ६ गिगाहर्ट्झच्या आसपास वर आलेलं ऐकायचं, ४ च्या आसपास खाली परत बोलायचं. काय आलं, कुणी पाठवलं, हे तो बघत नाही. आता समजा हा चालू आरसा दुसऱ्या उपग्रहाच्या शेजारी येऊन उभा राहिला आणि दोघांच्या वारंवारता एकच. जमिनीवरून शेजाऱ्यासाठी पाठवलेला संदेश यालाही ऐकू जातो, तो इमाने इतबारे पुन्हा खाली पाठवतो, आणि जमिनीवरच्या अँटेनात एकाच कार्यक्रमाच्या दोन प्रती किंचित पुढेमागे येऊन एकमेकींत मिसळतात. चित्र फुटतं.

३ मे रोजी इंटेलसॅटने शेवटचा जोराचा प्रयत्न केला. ट्रान्सपाँडरवर मुद्दाम प्रचंड ताकदीचा संदेश सोडायचा, म्हणजे विजेची ओढ वाढून उपग्रहाची यंत्रणा स्वतःच त्यांना बंद करेल. तो फसला. पुढचा शेजारी होता एसईएस कंपनीचा एएमसी-११, फक्त दोन अंशांवर, १३१ अंश पश्चिमेला, आणि तोही केबल वाहिन्यांचाच.

त्यानंतर जे झालं ते मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शिकण्यासारखं वाटतं, आणि त्यात विद्युतभाराचा काही संबंध नाही. बाजारात एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्यांच्या अभियंत्यांनी मिळून वेळापत्रक बनवलं. एसईएसने आपला उपग्रह त्याच्या नेमून दिलेल्या खिडकीच्या कडेला सरकवला, जेणेकरून दोघांमधलं अंतर शक्य तेवढं जास्त राहावं. वर जाणारे संदेश मेरीलँडमधल्या क्लार्कसबर्ग इथल्या १९ मीटर व्यासाच्या अँटेनातून पाठवायचं ठरलं, आणि ते केंद्र होतं इंटेलसॅटचं. अँटेना जितकी मोठी, तितका तिचा झोत बारीक. १९ मीटरची थाळी ६ गिगाहर्ट्झला सुमारे ०.२ अंशाचा झोत टाकते, त्यामुळे एएमसी-११ च्या कानात बोलताना शेजारी उभ्या गॅलेक्सी १५ ला त्यातलं फार थोडं ऐकू जातं. आरशावर उजेडच पडला नाही, तर तो परत काय टाकणार? मेअखेर ते जूनच्या पहिल्या आठवड्यात गॅलेक्सी १५ एएमसी-११ च्या जागेतून पार झाला. प्रेक्षकांना काही कळलं नाही. पुढे वाटेतल्या प्रत्येक उपग्रहासाठी थोड्याफार फरकाने हेच करावं लागलं.

तो परत ऐकू लागला

सुरुवातीपासून अभियंत्यांना एक गोष्ट ठाऊक होती : हा उपग्रह कायम असा चालू राहणार नाही. सूर्यप्रकाशाचा दाब यानाला सतत किंचित पिळत असतो. तो पीळ आतली मोमेंटम व्हील स्वतःच्या फिरण्यात साठवून घेतात. पण चाकांनाही मर्यादा असते. साठा भरला की तो थ्रस्टर पेटवून रिकामा करावा लागतो आणि त्यासाठी जमिनीवरून कमांड लागते. कमांड पोचत नाही म्हटल्यावर एक ना एक दिवस चाकं भरणार, तोंड पृथ्वीवरून हटणार, पंखं सूर्यावरून हटणार, बॅटरी रिकामी होणार. अंदाज होता अमेरिकेतल्या उन्हाळ्याच्या शेवटाचा, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरचा. उपग्रह त्याच्याही पुढे टिकला. एवढं पक्कं बांधलेलं यान एरवी कौतुकाचा विषय झालं असतं. इथे त्याचा तो पक्केपणाच सगळ्यांना नडत होता.

डिसेंबरच्या मध्यावर अखेर त्याची दिशा सुटली. विमानांसाठीचं त्याचं प्रक्षेपणही थांबलं. बॅटरी उतरत गेली, आणि २३ डिसेंबर २०१० रोजी ती पूर्ण रिकामी झाल्यावर कमांड घेणारं आणि उलगडणारं बेसबँड युनिट बंद होऊन पुन्हा सुरू झालं. सुरू झालं ते निरोगी. उपग्रहाने कमांड स्वीकारली. चालकांनी आधी ट्रान्सपाँडर बंद केले, मग यानाला सुरक्षित स्थितीत आणलं. तोवर तो ९३ अंश पश्चिमेपर्यंत आला होता. चाळीस अंश, म्हणजे कक्षेच्या कमानीवर साधारण २९,००० किलोमीटर. बिघाडापासून २६२ दिवस झाले होते.

ज्या युनिटला दोन लाख हाकांनी जाग आली नाही, त्याला काही क्षण वीज न मिळाल्याने जाग आली. घरचा राऊटर अडकला की आपण प्लग काढून लावतो, तेवढाच हा इलाज. पण छत्तीस हजार किलोमीटरवरचा प्लग काढणार कोण?

पंचनामा

तपासाअंती जे सांगितलं गेलं ते असं : स्थिर विद्युतभाराच्या विसर्जनामुळे बेसबँड युनिटमधलं फर्मवेअर, म्हणजे उपकरणातच बसवलेलं सॉफ्टवेअर, अडकलं. कुठलाही भाग जळला नव्हता. तार तुटली नव्हती. ठिणगीचा विद्युतस्पंद सेकंदाच्या अगदी सूक्ष्म अंशाचा, पण तारांमध्ये शिरला की डिजिटल सर्किटला तो खऱ्या संदेशासारखाच वाटतो. एखादा शून्य एक होतो, एखादी गणना अशा अवस्थेत जाते जिची डिझाइन करणाऱ्याने कल्पनाच केलेली नसते, आणि तिथून बाहेर पडायची वाट लिहिलेली नसते.

म्हणून 'सौरवादळाने उपग्रह पाडला' हे वाक्य मला अर्धवट वाटतं. त्या सकाळी तोच लोंढा त्या पट्ट्यातल्या बाकीच्या उपग्रहांवरूनही गेला. इतका मोठा जाहीर बिघाड एकाचाच झाला. वादळ हे निमित्त. घोटाळा दोन ठिकाणी होता : ठिणगीचा स्पंद आतपर्यंत पोचू शकला, आणि पोचल्यावर अडकलेल्या युनिटला बाहेर काढणारं कुणी नव्हतं. पहिल्यावर उपाय जुने आणि माहितीतले आहेत : बाहेरचे थर किंचित वाहक करणं, उष्णतारोधक चादरीचा प्रत्येक थर यानाच्या सांगाड्याला जोडणं, तारांना कवच घालणं, सिग्नलच्या तोंडाशी गाळण्या बसवणं. नासाची या विषयावरची मार्गदर्शिका १९९९ पासून हेच सांगते आहे. एकही तुकडा तरंगता, म्हणजे सांगाड्याला न जोडलेला, सोडू नका, हा त्यातला गाभा. पण हजारो तुकड्यांच्या यानात एखादा जोड सैल राहतो, वर्षानुवर्षांच्या किरणोत्साराने एखादा थर आपला गुण बदलतो. ठिणगी शून्यावर आणता येत नाही.

दुसऱ्यावरचा उपाय स्वस्त आहे आणि तो डिझाइनच्या टेबलावरच करायचा असतो. कमांड घेणाऱ्या युनिटने ठरावीक काळ काहीच ऐकलं नाही, तर त्याने 'आपणच बिघडलो असू' असं धरून स्वतःला पुन्हा सुरू करावं. त्यासाठी वेगळा, साधा, अडकू न शकणारा एक घड्याळी पहारेकरी लागतो, जो मुख्य युनिटवर अवलंबून नाही. त्यालाच वॉचडॉग म्हणतात. पहारेकरी मुख्य युनिटच्याच चिपवर, त्याच फर्मवेअरमध्ये राहत असेल, तर दोघं एकाच ठिणगीने झोपतात, हे मात्र डिझाइन तपासताना नेमकं नजरेतून सुटतं. ट्रान्सपाँडरसाठीही हीच विचारणा हवी : बराच काळ जमिनीशी संपर्क नसेल, तर प्रक्षेपण आपोआप थांबतं का? थांबलं तर एका कमांडच्या बिघाडाने ग्राहकांची सेवा जाते, ही चालकाची बाजू खरी आहे. पण गॅलेक्सी १५ च्या शेजाऱ्यांनी जे महिने काढले, ते पाहिल्यावर मी काही आठवड्यांनंतर थांबण्याच्या बाजूने आहे.

ताबा परत मिळाल्यावर गॅलेक्सी १५ वर अशा बिघाडापासून संरक्षण देणारं नवं सॉफ्टवेअर चढवायचं ठरलं. कसून चाचण्या झाल्या आणि २०११ मध्ये तो पुन्हा १३३ अंशांवर कामाला लागला. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये सोडलेला हा उपग्रह पुढे दशकभर मुकाट्याने राबला.

१० ऑगस्ट २०२२ रोजी तो पुन्हा ऐकेनासा झाला. पुन्हा भूचुंबकीय वादळाच्या दिवसांत, पुन्हा तोंड पृथ्वीकडे, पुन्हा ट्रान्सपाँडर चालू. त्या वेळी ग्राहकांना हलवण्याचं आणि शेजाऱ्यांना कळवण्याचं काम कसं करायचं, ते आधीच माहीत होतं. त्याची जागा घेणारा गॅलेक्सी ३३ तर दोन महिन्यांत, ८ ऑक्टोबरला उडाला.